जोन्सांच्या मुलुखात

मुलगी परदेशी दिली म्हणजे आईबापांना नाना धास्त्या. त्यांतली एक म्हणजे, व्याह्यांचे आडनाव आपल्या जिभेला वळेल की नाही! आमची ती धास्ती लग्न ठरले त्याच दिवशी फिटली. व्याही निघाले जोन्स. "आडनाव इतके सुटसुटीत, म्हणजे माणसेही साधीच असणार," असा निकाल आमच्या सौभाग्यवतींनी तिथल्या तिथे देऊन टाकला.

माणसे खरोखरच साधी निघाली. सुटसुटीत नव्हते ते आडनावच! हे कळले गेल्या वर्षी, मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील अ‍ॅबरिस्टविथला गेलो तेव्हा.

गाव मोठे टुमदार. समोर कार्डिगनचा उपसागर, किनाऱ्यालगत फिरायचा लांबलचक रस्ता आणि त्याच्या टोकाशी टेकडीवर चढणारी १८९६ सालची रुळांवरची गाडी. दुसऱ्याच दिवशी मी फिरायला बाहेर पडलो आणि वाट चुकलो. एका आजीबाईंना विचारले, "जोन्सांचे घर कुठे हो?" बाई मनापासून हसल्या. सदाशिव पेठेत जाऊन "जोशी कुठे राहतात?" असे विचारण्यातलाच तो प्रकार! कार्डिफ शहरात २००६ साली नुसत्या जोन्स आडनावाची १,२२४ माणसे एका छपराखाली जमली आणि जागतिक विक्रम झाला, असा हा मुलूख. मग माणूस ओळखायचा कसा? धंद्यावरून. दूध घालणारा तो 'जोन्स दूध', शेतकरी असला तर शेताच्या नावावरून. आमचे व्याही निवृत्त मास्तर, म्हणून ते 'जोन्स शाळा'.

यथावकाश नात झाली आणि घरात एक अवघड विषय निघाला. त्या देशात जन्माची नोंद ४२ दिवसांच्या आत करावी लागते. नोंदीत आडनाव कुणाचे घालायचे? व्याह्यांना एकच मुलगा. त्यांचे म्हणणे, जोन्स हेच. आमच्या मुलीने लग्नानंतर माहेरचे आडनाव सोडलेले नव्हते. मुलीलाही तेच लावावे, असे तिला वाटत होते. मी वरवर म्हणत होतो, "तुमचे तुम्ही ठरवा." पण खरे सांगतो वाचकहो, आम्हाला मुलगा नाही. आपले आडनाव आणखी एक पिढी चालेल, या विचाराने मी मनातून सुखावलो होतो. जेवणाच्या टेबलावर मात्र दोन्ही आजोबा मीठ मागण्यापुरतेच बोलू लागले.

एके सकाळी व्याही म्हणाले, "चला, आमचे घराणे किती जुने आहे ते दाखवतो." टेकडीवर वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. १९०७ च्या सनदेने स्थापन झालेले. तिथे आम्ही दोघे म्हातारे शेजारी शेजारी बसून उलटे चालू लागलो. शिरगणतीत माणसांची नावे १८४१ पासून सापडतात. जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८३७ पासूनची. त्यामागे गेले की चर्चच्या वह्या. आजोबा सापडले, पणजोबा सापडले, खापरपणजोबाही सापडले. सगळे जोन्स! प्रत्येक नावागणिक व्याह्यांची मान ताठ होत होती.

खापरपणजोबांचे वडील डेव्हिड जोन्स. त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद १८१४ सालची निघाली आणि व्याही एकदम गप्प झाले. डेव्हिडच्या वडिलांचे नाव लिहिले होते जॉन थॉमस!

"कारकुनाची चूक असेल," मी धीर देण्यासाठी म्हणालो.

"चूक नाही," ते हळूच म्हणाले. "आमचा जुना रिवाजच तो. वर्गात मीच शिकवत असे. आपल्याही घरात तो असेल, हे ध्यानात आले नाही."

मग परतीच्या वाटेवर मास्तरांनी मला धडा दिला. जुन्या वेल्समध्ये आडनाव नव्हतेच. आपले नाव, मग 'अप' म्हणजे 'चा मुलगा', आणि बापाचे नाव. मुलगी असली तर 'वेर्ख'. अप रीसचा झाला प्राइस, अप हवेलचा पॉवेल, अब ओवेनचा बोवेन. इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या ट्यूडरांचा मूळ पुरुष ओवेन हा मारेदिथचा मुलगा आणि ट्यूडरचा नातू. त्याने बापाचे नाव लावले असते, तर इतिहासात ट्यूडर घराणे शोधून सापडले नसते! सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडले गेले आणि कारभार इंग्रजीत चालू लागला. बड्या लोकांनी इंग्रजी वळणाची कायमची आडनावे घेतली. खेड्यापाड्यांत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जुनी रीत टिकली. त्या काळी प्रचारात नावे थोडी, त्यांत जॉन फार. म्हणून घरोघर जोन्स!

"शाळेत ज्या 'पाय'ने तुम्हाला छळले," ते म्हणाले, "ते चिन्ह त्या अर्थाने १७०६ साली प्रथम छापले अँगलसी बेटावरच्या विल्यम जोन्सने. तोही बापाच्या नावावरूनच जोन्स." त्याचाच मुलगा सर विल्यम जोन्स. कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी १७८४ साली स्थापणारा आणि आपल्या कालिदासाची शकुंतला इंग्रजीत नेणारा!

वाटेत एका जुन्या चर्चच्या आवारात ते थांबले. काळ्या पाटीच्या दगडावर एका बाईचे नाव, खाली 'अमक्याची पत्नी'. नवऱ्याचे आडनाव निराळे. "आमच्या बायका लग्नानंतरही बापाचेच नाव ठेवत," ते म्हणाले. "तुमच्या मुलीने नवे काहीच केले नाही. मीच उगीच रुसलो."

मी म्हणालो, "आमच्याकडे अजूनही प्रत्येकाच्या नावामागोमाग बापाचे नाव येतेच." दोघेही आपापल्या आडनावाचा अभिमान खिशात घालून घरी आलो.

संध्याकाळी सगळी हकिकत ऐकून मुलगी हसली. रात्री नवराबायकोंनी काय बोलून घेतले कोण जाणे. चाळिसाव्या दिवशी कचेरीतून दाखला आला. नातीचे नाव, मग 'वेर्ख', मग आमच्या जावयाचे नाव. बस्स! ना जोन्स, ना आमचे आडनाव. मला क्षणभर आवंढा गिळावा लागला, हे कबूल करतो. व्याह्यांकडे पाहिले. त्यांचीही तीच गत!

मग आम्ही दोघे फिरायला निघालो. समुद्रकाठच्या रस्त्याच्या टोकाशी लोखंडी कठडा आहे. तिथवर गेले की त्याला पायाने हलकेच ठोकर मारून परतायचे, अशी गावची रीत. ठोकर मारताना व्याही म्हणाले, "आता तिला ओळखायची कशी हो? गावात अशी एकच असणार!"

"मग पत्ता विचारताना कोणी हसणार नाही," मी म्हणालो आणि कठड्याला ठोकर मारली.