दोन उत्तरं

दिवसभर भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर उभं राहायचं आणि संध्याकाळी निगडीला सी शिकायला जायचं, त्या दिवसांत मी वर्गसमीकरण सोडवणारा प्रोग्राम लिहिला. निळ्या पडद्याचा टर्बो सी. ए, बी, सी हे तीन सहगुणक वाचायचे, विवेचक काढायचा, दोन मुळं छापायची. सूत्र दहावीतच पाठ. दहा मिनिटांचं काम, असं वाटलं होतं.

१, −५, ६ दिले. ३ आणि २ आले. अशी आणखी चार-पाच दिली, सगळी बरोबर. मग शेजारच्या पोरानं २, −७, ३ टाकले आणि पडद्यावर १२ आणि २. यायला हवे होते ३ आणि अर्धा. तासाभरानं सापडलं : छेद लिहिताना मी 'दोन गुणिले ए'ला कंसच घातला नव्हता. मशीन आधी दोननं भागायचं, मग ए-नं गुणायचं. माझ्या प्रत्येक चाचणीत ए होता १, म्हणजे चूक दिसायला जागाच नाही. शॉपमध्ये बोअर तपासताना गेजची नो-गो बाजू आत शिरत नाही ना, हे पाहिल्याशिवाय पीस पुढे जात नाही. इथे मी नुसती गो लावून मोकळा झालो होतो.

पुढे ए शून्य दिल्यावर भागाकार अडला, विवेचक ऋण आल्यावर 'डोमेन एरर'. सूत्राची ओळ एकच. बाकीचा प्रोग्राम ती ओळ जिथे चालत नाही त्या जागा सांभाळायला.

चाकणला आलो आणि हेच गणित सीएनसी मशीनवर, फॅनुकच्या मॅक्रोत लिहायची वेळ आली. तिथे हिशेबाला चौकोनी कंस. गोल कंसात लिहिलेलं मशीन शेरा समजून सोडून देतं. कंसाशी माझं जुनं वैर, दुसरं काय! पण विवेचक मला खरा कळला तो इथेच. सरळ रेषा कमानीला कुठे छेदते हे काढायचं असतं. विवेचक धन, तर दोन ठिकाणी. शून्य, तर नुसती टेकते. ऋण, तर रेषा बाजूनंच निघून जाते. ऋण आला की मी आधी ड्रॉईंगवरची मापं पुन्हा वाचतो.

दोन उत्तरं आली तर कुठलं घ्यायचं, हा प्रश्न जुनाच. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५०च्या सुमारास, माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले, जे उरलं त्याच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसलं, एकूण किती? उत्तरं दोन, ५० आणि ५. आचार्य ५ नाकारतात. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे काढणार? चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. गेलो तेव्हा मला आधी ती माकडंच आठवली.

परवा ट्रेनी मॅक्रो चालवून आला. "सर, दोन्ही बरोबर येतायत. कुठलं घेऊ?"

"ड्रॉईंगवर दोन्ही मांड."

त्यानं पेन्सिलीनं मांडले. एक बिंदू जॉबच्या रेडियसवर आला, दुसरा चकच्या आत.