शिट्टी माझ्याच हातात होती

तर झालं असं, की माझ्या गुडघ्याने संप पुकारला आणि मला रेफरी करण्यात आलं.

दर हिवाळ्यात आम्ही काही मित्र मिळून नागपुरात एक छोटीशी टूर्नामेंट भरवतो. सात-सात जणांच्या टीम, वीस मिनिटांचे दोन हाफ, आणि एन्ट्री फीतून उरलेल्या पैशांत सगळ्यांना तर्री पोहे. कॉलेजपासून मी राईट बॅक. रेफरीच्या अंगावर धावून जाणाऱ्यांत माझा पहिला नंबर. म्हणूनच बहुतेक, "तुलेच सगळे रूल माहीत असते ना बे, मग घे शिट्टी," असं म्हणून ती माझ्या गळ्यात घालण्यात आली.

सेमीफायनल. १-१. शेवटची दोन मिनिटं. एकाने जोरात शॉट मारला, बॉल डिफेंडरला लागून बाहेर गेला, समोरच्या सातही जणांनी "हँड!" म्हणून बोंब ठोकली आणि मी शिट्टी वाजवली. पेनल्टी.

पुढच्याच क्षणी मी त्या पोराकडे पाहिलं. तो खांदा चोळत होता. खांदा! हात नाही. नियमाप्रमाणे हात काखेच्या खालच्या रेषेपासून सुरू होतो, त्याच्या वर बॉल लागला तर तो हँडबॉल नाहीच. पोटात खड्डा पडला. चुकलोच होतो.

आता गंमत बघा. फुटबॉलच्या नियमांत पाचवा नियम रेफरीबद्दल आहे. खेळातल्या घटनांबद्दल त्याचा निर्णय अंतिम, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच नियमात हेही आहे, की निर्णय चुकला असं लक्षात आलं तर खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत रेफरी तो बदलू शकतो. म्हणजे माझ्याकडे चांगली दोन मिनिटं होती. "सॉरी, खांद्याला लागला," एवढं म्हणून निर्णय मागे घ्यायचा. संपलं.

पण तोवर सगळी टीम माझ्याभोवती जमली होती. "कायची पेनल्टी बे? आंधळा झाला का?" इथपर्यंत ठीक होतं, ही भाषा मीच वर्षानुवर्षं वापरलीय. मग त्यांचा कॅप्टन पुढे आला. कॉलेजची चार वर्षं माझा रूममेट. पुढच्या आठवड्यात तो कायमचा जर्मनीला जाणार होता, म्हणजे ही त्याची शेवटची टूर्नामेंट. तो म्हणाला, "तुह्या ऑफिसची टीम हाय ना ती. समजलं आपल्याले."

झालं. त्या टीममध्ये माझ्या ऑफिसचे दोघे होतेच. आता निर्णय बदलला तर दमदाटीला घाबरलो, नाही बदलला तर पक्षपाती. मी दुसरं निवडलं. पेनल्टीच्या जागेकडे बोट दाखवून उभा राहिलो. ते सगळे बाहेर निघून गेले आणि समोरची टीम न खेळताच फायनलला गेली. त्या दिवशी पोहे घशाखाली उतरले नाहीत.

घरी येऊन ३ मार्च २०२३ च्या बंगळुरूच्या मॅचचा व्हिडिओ पुन्हा काढून पाहिला. आयएसएलची नॉकआऊट मॅच, बंगळुरू विरुद्ध केरला ब्लास्टर्स. एक्स्ट्रा टाईममध्ये केरळचा गोलकीपर भिंत लावत असताना सुनील छेत्रीने फ्री किक पटकन मारून गोल केला. रेफरीने गोल दिला, कोच इव्हान वुकोमानोविच यांनी टीमला मैदानाबाहेर बोलावलं आणि मॅच बंगळुरूला बहाल झाली. पुढे क्लबला चार कोटींचा दंड, कोचवर दहा मॅचची बंदी. तेव्हा मी केरळच्या बाजूने तावातावाने भांडलो होतो. या वेळी माझी नजर सारखी रेफरीकडेच जात होती. त्या गर्दीत उभा राहून नीट विचार कसा करायचा माणसाने?

आपल्या गावसकरचं उदाहरण तर घराघरात माहीत आहे. फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. लिलीच्या बॉलवर एलबीडब्ल्यू दिलं, बॅट लागली होती असं त्याचं म्हणणं. रागाच्या भरात तो चेतन चौहानलाही सोबत घेऊन निघाला. सीमारेषेवर मॅनेजर शाहिद दुर्राणींनी चौहानला थांबवून परत पाठवलं, वेंगसरकर आत आला आणि खेळ सुरू राहिला. दुसऱ्या दिवशी कपिलने पाच विकेट काढल्या, ऑस्ट्रेलिया ८३ मध्ये गारद, आणि आपण ५९ धावांनी जिंकलो. त्या वागण्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असं गावसकरने नंतर सांगितलं. पण दुर्राणी तिथे नसते तर? आमच्याकडे सीमारेषेवर कोणी नव्हतं. होता तो फक्त पोहेवाला.

२०२४ च्या युरो कपमध्ये युएफाने सांगितलं होतं, की रेफरीशी फक्त कॅप्टन बोलेल, बाकीचे जवळ आले तर यलो कार्ड. तेव्हा मला ती हुकूमशाही वाटली होती. आता वाटतं, हा नियम रेफरीच्या इज्जतीसाठी असेलही, पण खरा फायदा खेळाडूंचाच आहे. एकटा माणूस शांतपणे बोलला तर रेफरीला चूक मान्य करायला जागा उरते. दहा जणांनी घेरलं की तो फक्त स्वतःला वाचवतो. मी तेच केलं.

मित्र जर्मनीला गेला. निघताना फोन नाही, काही नाही. महिनाभराने मीच मेसेज टाकला, "खांद्याला लागला होता. मला तेव्हाच कळलं होतं."

दोन तासांनी उत्तर आलं. "माहीत होतं बे. तुह्या तोंडावरच दिसून राह्यलं होतं. म्हणून तर जास्त राग आला."

यावर काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.

असो. गुडघा बरा आहे. पण पुढच्या वर्षीही मी शिट्टीच मागून घेणार आहे.