तारप्याचा दुधी

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात वारली, कोकणा, मल्हार कोळी यांच्या पाड्यांवर वाजणारा तारपा वेलीवरच्या दुधीपासून सुरू होतो. दुधी वेलीवरच जून होऊ द्यायचा, वाळवायचा, आतला गर आणि बिया काढून पोकळ करायचा. वरच्या भागात फुंकण्यासाठी भोक पाडायचे आणि खालच्या तोंडात बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवायच्या. एकीवर सुरावट वाजते, दुसरी तिला आधार देते. नळ्यांच्या वरच्या टोकाला बांबूचीच कोरलेली जिभळी असते, ती दुधीच्या पोटात लपलेली. खालच्या टोकाला ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा, आणि सगळे सांधे मधमाशीच्या मेणाने बुजवलेले. दुकानातून आणावे असे यात जवळपास काही नाही. त्यामुळे माप ठरवण्याचा प्रश्नही दुकानात सुटत नाही, तो वेलीपाशीच सुटतो.

नव्याला पहिला समज होतो तो असा, की दुधी जितका मोठा तितका तारपा दमदार. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. दुधीचे कवच टणक असते, ते दाबले जात नाही. ज्या वाद्यांना चामड्याची पिशवी असते तिथे काखेने पिशवी दाबून साठवलेला वारा पुढे ढकलता येतो. दुधीला तसे करता येत नाही. तारपकरी नाकाने श्वास आत घेतो, तेवढ्या क्षणी सूर धरून ठेवतात ते त्याचे फुगलेले गाल. दुधी त्या फुंकरीतले हिसके थोडे सपाट करतो आणि जिभळीला ओठांपासून दूर ठेवतो. त्यापलीकडे मोठे पोट म्हणजे मोठा दम नव्हे. उलट पोकळी जितकी मोठी तितकी ती भरून जिभळी बोलती होईपर्यंत फुंकरीचा पहिला भाग खर्ची पडतो. रात्रभर न थांबता वाजवणाऱ्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

दुधीचे खरे माप आणखी दोन जागी असते. पहिली जागा त्याच्या तोंडाची. दोन्ही नळ्या एकमेकींना न रेटता आत बसल्या पाहिजेत, त्यांच्या जिभळ्यांना हलायला मोकळीक हवी, आणि भोवती मेण भरायला पुरेशी कड उरली पाहिजे. तोंड फार रुंद असेल तर मेणाचा थर जाड होतो, आणि जाड मेण उन्हात मऊ पडून सांधा सुटतो. दुसरी जागा फुंकण्याच्या भोकापासून नळीवरच्या छिद्रांपर्यंतच्या अंतराची. ओठ भोकावर असताना दोन्ही हातांची बोटे सहज छिद्रांवर टेकली पाहिजेत. हे अंतर ज्याचे त्याचे असते. लांब हाताच्या माणसाला सोसणारा दुधी आखूड हाताच्याला वाकवून टाकतो, म्हणून तारपा कोण वाजवणार हे ठाऊक असल्याशिवाय दुधी निवडू नये. वेलीवर लोंबता राहिलेला दुधी सरळ वाढतो, जमिनीला टेकलेला वाकतो. निवड वाढीच्या काळातच सुरू होते ती यामुळे.

कवचाची जाडीही पाहावी लागते. पातळ कवच नळ्या बसवतानाच तडकते, फार जाड कवच वजन वाढवते. वजन हा इथे हौसेचा विषय नाही, कारण तारपकरी बसून वाजवत नाही. भात पिकण्याच्या दिवसांपासून दिवाळीपर्यंत नाच चालतो. त्यात तो मध्ये असतो, नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते, आणि त्याने सूर बदलला की पावले बदलतात. वारली चित्रांतले ते प्रसिद्ध वेटोळे या नाचाचेच. उघड्या खळ्यावर साखळीच्या शेवटच्या माणसापर्यंत सूर पोचवायचे काम मुख्यतः कर्ण्याचे. आवाज वाढवायचा असेल तर दुधीऐवजी कर्ण्याकडे आधी पाहावे. पण कर्णा लांबला की पुढचा भार वाढतो आणि तो तोलायला पुन्हा तेच हात.

तारांच्या वाद्यात पोकळीचे गणित वेगळे आहे. याच भागात भगत कणसरी या धान्यदेवतेची कथा सांगताना घांगळी वाजवतात. आडव्या दांडीला जोडलेल्या तिच्या भोपळ्यांत तारेचा आवाज घुमतो. पोकळी वाढली की घुमण्याचा सूर खाली येतो, तोंड रुंदावले की वर जातो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आलेल्या बॅन्जो उकुलेले या तारवाद्यात भोपळ्याऐवजी कातडी ताणलेले गोल कडे असते, साधारण 7-8 इंच व्यासाचे. कडे लहान असले तर आवाज टणक आणि तुटक, मोठे असले तर भरदार. तिथे अंगाचा आकार थेट नादात उतरतो. तारप्यात तो आधी वाजवणाऱ्याच्या श्वासात आणि हातांत उतरतो.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तारप्याचे नाव देशभर गेले. शोभेसाठी तारपा घेणाऱ्याला अवाढव्य नग पसंत पडतो आणि त्याला तो द्यायलाही हरकत नाही. मात्र शिकणाऱ्या मुलाच्या हाती तो देऊ नये. त्याच्या हाताला बेताचा, पातळही नाही नि जडही नाही अशा कवचाचा दुधी आणि आखूड कर्णा पुरतो. दम आणि हात वाढले की कर्णा लांबवता येतो. दुधी तडकला तर नळ्या जपून सोडवून दुसऱ्यात बसवाव्यात, आणि नवा दुधी त्या नळ्यांच्या मापानेच निवडावा. पोकळ करताना निघालेल्या चांगल्या बिया पुढच्या पावसाळ्यासाठी बाजूला काढाव्यात.