शवासनातलं घोरणं

21 जून, सकाळचे सात. चाकणच्या एका कारखान्यात योग शिबिर होतं. फोटोत गर्दी दिसावी म्हणून एचआरने रात्रपाळी सुटलेल्या पोरांना गेटवरच थांबवून घेतलं होतं. शवासनाची सूचना झाली आणि तिसऱ्या रांगेतून घोरणं ऐकू आलं. मग त्याच्या शेजारून दुसरं. योगशिक्षिका गोंधळल्या. मी तिथला कंपनी डॉक्टर. मला वाटलं, त्या सकाळी शिबिराचा खरा लाभ झाला तो या पोरांनाच.

तपासणी शिबिर, पावलं मोजायची स्पर्धा, ताणतणावावर व्याख्यान असं सगळं हल्ली ‘वेलनेस’मध्ये येतं. व्यवस्थापनाचा प्रश्न एकच असतो, ‘‘डॉक्टर, याने दांड्या कमी होतील? प्रॉडक्शन वाढेल?’’

अमेरिकेत हे नीट तपासून झालंय. बीजेज होलसेल क्लब या दुकानांच्या साखळीत 160 ठिकाणांपैकी 20 ठिकाणं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून तिथेच कार्यक्रम राबवला. कर्मचारी जवळपास 33 हजार. निष्कर्ष 2019 साली आले. दीड वर्षानंतर ‘मी नियमित व्यायाम करतो’ असं सांगणारे वाढले होते. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी, कामाचा दर्जा, उपचारांचा खर्च यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठातल्या जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. अशा कार्यक्रमांना येणाऱ्यांचा औषधपाण्याचा खर्च मुळातच कमी होता. पायी वारीला निघतो त्याचे पाय आधीच धड असतात. ते वारीने बरे झाले, असा हिशेब मांडून चालत नाही.

तपासणीत लपलेली शुगर सापडते, हे खरं. ती बंद करा असं मी म्हणणार नाही. पण माझं भरवशाचं साधन म्हणजे दवाखान्यातलं रजिस्टर. एकदा पानं उलटताना दिसलं, कंबरदुखीची नावं वेगळी, पण मशीन एकच. जाऊन उभा राहिलो. कास्टिंगने भरलेला ट्रे जमिनीवर, प्रत्येक पीससाठी कंबरेतून वाकायचं. फिटरने भंगारातले अँगल वेल्ड करून मांडीइतक्या उंचीचा स्टँड बनवला. गोळ्या मागायला येणारे हळूहळू कमी झाले. सुपरवायझर म्हणाला, ‘‘शिफ्टच्या शेवटी स्पीड पडायचा, तो आता पडत नाही.’’

उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा टेकायला जागा हवी, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 44 मध्येच होतं. त्यासाठी ॲप लागत नाही.

असेंब्ली लाईनवरच्या बायका लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन यायच्या. मी ठरलेलं वाक्य म्हणायचो, पाणी भरपूर प्या. एक ताई एकदा म्हणाल्या, ‘‘पिते हो सर. पण मग जायला लागतं. तेवढा वेळ लाईनवर कोण उभं राहणार?’’

त्या प्रश्नापुढे माझं वाक्य फिकं पडलं. मी प्रॉडक्शनच्या साहेबांकडे गेलो. बऱ्याच घासाघिशीनंतर लाईनला एक रिलीव्हर मिळाली.

वेलनेसच्या वार्षिक अहवालात ना तो स्टँड आहे, ना ती रिलीव्हर. मुखपृष्ठावर योग शिबिराचा फोटो आहे. नीट पाहिलं तर तिसऱ्या रांगेतली पोरं गाढ झोपलेली दिसतात.