पासंग

भाषेने कमरेवर फार ओझे टाकले आहे. कामाला लागायचे तर कंबर कसायची, संकट आले की कंबर खचायची. वयाच्या ६६ व्या वर्षी ओल्या ओसरीवर घसरून पडेपर्यंत ही कंबर म्हणजे नेमके काय, हे मला ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी क्ष-किरणचित्र उजेडाला धरले : पुढे जघनास्थीला तडा, मागे त्रिकास्थीलाही. काचेची बांगडी सहसा एकाच जागी फुटत नाही, तसेच या हाडांच्या कड्याचे असते. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. मात्र उजव्या पायावर ६ आठवडे भार द्यायचा नव्हता.

त्या ६ आठवड्यांविषयी सांगण्यासारखे फार नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घोटे वरखाली हलवायचे, मांडीचा स्नायू आवळून दहा अंक मोजायचे. भांडे देण्याघेण्याचे काम पत्नीकडे होते. तिचे स्वतःचे गुडघे झिजलेले. वाकताना ती बारीकसा कण्हे आणि लगेच काहीतरी बोलून ते झाकून टाकी. हाडाच्या वेदनेपेक्षा मला ते अधिक लागे.

मग भौतिकोपचार करणारी एक तरुण मुलगी घरी येऊ लागली. तिने जमिनीवर वजनकाटा ठेवला, शेजारी तेवढ्याच उंचीची फळी. वॉकर धरून मी उभा राहिलो; डावा पाय फळीवर, उजवा काट्यावर.

"२० किलो, काका. त्यापुढे नाही."

स्वतःतले २० किलो ओळखणे किती अवघड! माझ्या वडिलांचे किराणा दुकान होते. रिकामा तराजू उचलताच पासंग किती लागेल, हे त्यांच्या हाताला कळे. माझा काटा मात्र कधी १२ वर, कधी ३० वर. पाहून दाबणे सोपे. डोळे मिटले की चूक. आठवड्याभराने पावलाला माप कळू लागले.

आणि नेमका तेव्हाच मी अप्रामाणिकपणा केला. एका दुपारी पत्नी निजलेली असताना, वॉकर बाजूला सारून, सगळा भार टाकून चार पावले चाललो. अशी कळ आली की पलंगाची कड धरून बसलो. पुन्हा क्ष-किरणचित्र काढावे लागले. सुदैवाने हाड सरकले नव्हते. मुलीने मला आरशासमोर चालवले. उजव्या पायावर येताच कमरेची डावी बाजू खाली झुकत होती. ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ मध्ये अशा चालीचे कारण सांगितले : नितंबाच्या कडेचा स्नायू दुबळा पडणे.

"घाई कोणासाठी केलीत?" तिने विचारले. मी उत्तर दिले नाही. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

पुन्हा २० पासून सुरुवात. कुशीवर निजून पाय उचलायचा, दहादहाच्या तीन फेऱ्या. मग ३०, मग ४०. मांडी घालून बसण्याचे इतक्यात नाव काढायचे नाही, अशी ताकीद आहे. ताट अजून टेबलावरच येते.

परवा मध्यरात्री वॉकर घेऊन एकटाच न्हाणीघरापर्यंत जाऊन आलो. परतलो तेव्हा पत्नी भिंतीकडे तोंड करून पडली होती. जागी होती, श्वासावरून कळत होते. मीही काही बोललो नाही. सकाळी पाहिले, तर पलंगाखालचे भांडे तिथे नव्हते.