निवृत्तीला तीन वर्षं असताना नवी जबाबदारी घ्यावी का?



निवृत्ती जवळ आलेल्या कुठल्याही गुरुजींना विचारा, ते म्हणतील, "आता कशाला नवी डोकेदुखी?" मीही हेच म्हणत होतो. मग वयाच्या ५५ व्या वर्षी मुख्याध्यापक पदोन्नतीच्या यादीत माझं नाव आलं. पोखर्णी परिसरातल्या जिल्हा परिषद शाळेत मी पहिलीचा वर्ग शिकवत होतो. नवी शाळा सातवीपर्यंतची, मोठी. नको असेल तर लेखी नकार द्यायचा, एवढंच.

नकाराची कारणं तयारच होती. गुडघे दुखतात. पोषण आहाराच्या नोंदी आणि यू-डायसची ऑनलाइन माहिती भरण्यात दिवस जाणार. पहिलीतल्या पोराचा हात धरून 'क' गिरवून घेण्यातलं सुख त्या खुर्चीत नसतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. घरूनही हेच, "अहो, तीन वर्षं सुखाची काढा की!"

मग होकार का दिला? एका आजीमुळे.

आमच्या भागातली काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पोरंही सोबत जातात. उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात, तोवर शिकलेली अक्षरं पुसलेली असतात. मी दरवर्षी सांगायचो, "लेकराला आजीपाशी ठेवा." एकदा एक आजीच म्हणाली, "गुरुजी, मला डोळ्यानं दिसंना. पोरीला मी कशी सांभाळू? तुमीच ठेवा की शाळंत."

मी गप्प बसलो. खरं तर उत्तर होतं. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईवडील कारखान्यावर, आणि मूल गावातच जेवून-खाऊन शाळेत. हे काम शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होतं आणि त्या समितीचा सचिव असतो मुख्याध्यापक. वर्गशिक्षक म्हणून मी आग्रह धरू शकत होतो. प्रस्तावावर सही करू शकत नव्हतो.

त्या दिवसांत महर्षी धोंडो केशव कर्वे आठवले. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून ते १९१४ साली निवृत्त झाले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. तेव्हा वय होतं ५८! आपल्याला शाल-श्रीफळ मिळतं, त्या वयात. सुरुवातीला विद्यार्थिनी अवघ्या पाच. पुढे १९३६ साली, ७८ व्या वर्षी, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी संस्था उभी केली.

आपण कर्वे नाही, हे कबूल. पण पाच विद्यार्थिनींवर सुरुवात करायला त्यांना कमीपणा वाटला नाही, हे मात्र आपल्याला घेण्यासारखं आहे.

मी होकार दिला. ऑनलाइन कामं माझ्या मुलीच्या वयाच्या एका सहशिक्षिकेकडून शिकलो. पहिल्या महिन्यात चुका झाल्या, तिने हसत दुरुस्त केल्या. समितीच्या बैठका दिवाळीआधीच घेतल्या, पालकांच्या घरी गेलो. त्या हंगामात ११ मुलं गावात राहिली. चार तरीही गेली. धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नव्हतं. ते दुखणं अजून आहे.

माझ्या एका मैत्रिणीसारख्या सहकारी बाईंनी पदोन्नती नाकारली. "माझी पहिलीच बरी," म्हणाल्या. त्यांचंही चुकलं नाही. त्यांचं काम त्या वर्गातच होतं.

म्हणून तुमच्यावर अशी वेळ आली, तर "या वयात जमेल का?" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. जमवता येतं. आधी स्वतःला विचारा: इतकी वर्षं मनाला टोचणारं असं कोणतं काम आहे, जे फक्त त्या खुर्चीतूनच होईल? असं काम सापडलं तर होकार द्या. नाही सापडलं, तर आनंदाने वर्गात जा. पोरं वाट बघतायत.