जीटी मारणाऱ्यांची गोष्ट

"अरे, इंजिनीअरिंगला गेलायस की बालवाडीत?"

हा प्रश्न मला आजवर तिघांनी विचारलाय. आधी बाबांनी, मग रेक्टर सरांनी आणि परवा मेसच्या काकांनी. कारण एकच. माझ्या लॅपटॉपवर कधीही डोकावा, बशीएवढ्या डोळ्यांची आणि निळ्या-पिवळ्या केसांची माणसं पळताना दिसणार. तर मंडळी, कबूल. मी ॲनिमेवाला आहे. एफ.ई.ला असताना सुरुवात झाली, आता टी.ई.ला आलो, पण सवय काही सुटली नाही. केट्या सुटल्या, हे सुटलं नाही!

'कार्टून' म्हणून हिणवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. एका शनिवारी रात्री आमच्या विंगमधल्या बारा जणांना पकडून 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' दाखवला. १९८८ साली इसाओ ताकाहाता यांनी केलेला सिनेमा. दुसऱ्या महायुद्धात कोबे शहरावर बॉम्ब पडतात आणि एक भाऊ आणि त्याची चिमुकली बहीण उघड्यावर येतात, एवढीच गोष्ट. सुरुवातीला पोरं चेकाळत होती. सिनेमा संपला तेव्हा कुणी उठून लाइट लावेना. शेवटी एक जण "झोपतो रे" एवढंच म्हणून गेला. त्या दिवसापासून विंगमध्ये 'कार्टून' हा शब्द बंद झाला.

एक मात्र आहे, ॲनिमेचं सगळं वेळापत्रक आपल्या ओळखीचं वाटतं. जपानमध्ये जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार हंगामांत नव्या मालिका येतात. एका हंगामात साधारण बारा-तेरा एपिसोड. म्हणजे सेमिस्टर पॅटर्नच! काही मालिका मात्र संपतच नाहीत. 'वन पीस' १९९९ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि अकराशे एपिसोड कधीच ओलांडून गेली. मूळ चित्रकथा अजून छापून व्हायची असते आणि मालिका तिच्या मागे येऊन धडकते. मग मध्येच काहीतरी भरताड घालतात, त्याला 'फिलर' म्हणतात. जर्नलची पानं भरावीत म्हणून आपण लिहितो ती थिअरी, तसंच.

पण आज मला सांगायचंय ते मालिकांबद्दल कमी आणि जीटीबद्दल जास्त.

जीटी म्हणजे काय हे या कॉलेजात सांगायची गरज नाही. तरी एखाद्या सज्जनासाठी सांगतो. ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच टाकायची, खाली टेबललॅम्प लावायचा, काचेवर टॉपरची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. खालच्या रेषा वर दिसतात. मारा पेन्सिल! सबमिशनच्या आदल्या रात्री आख्खं होस्टेल खालून उजळलेलं असायचं. दिवाळीसुद्धा फिकी.

आमच्या विंगचा जीटी सम्राट म्हणजे माझा रूमी. सांगली जिल्ह्यातलं गाव, वडलांची शेती, आणि हातात अशी सफाई की तासलेली पेन्सिल लाजावी. त्याला काचही लागायची नाही. आयसोमेट्रिक म्हणा, सेक्शनल व्ह्यू म्हणा, नजरेनंच उतरवायचा. झालं! पोरांना आयताच माणूस सापडला. एका शीटला एक वडापाव आणि कटिंग. घाईची शीट असेल तर दोन वडापाव. माझ्या सात शीटपैकी पाच त्यानं काढल्या. मी रूम पार्टनर, त्यामुळे मला डिस्काउंट होता.

त्याच दिवसांत मला 'शिरोबाको' नावाची मालिका मिळाली. २०१४-१५ ची, चोवीस एपिसोडची. विषय काय, तर ॲनिमे कसा बनतो! तलवार नाही, राक्षस नाही. ऑफिस, फोन, डेडलाइन आणि रात्रपाळी. एक मुलगी स्टुडिओंच्या दारोदार गाडीनं फिरून चित्रं गोळा करते, आणि तिची मैत्रीण दिवसभर वाकून चित्रं काढते. ही मैत्रीण टेबलावर बसते, टेबलाच्या काचेखाली लाइट, एका कागदावर दुसरा कागद...

माझा रूमी पलंगावरून ताडकन उठला. "आरं लका, ही तर जीटी हाय की!"

आणि खरंच की. ॲनिमे म्हणजे शेवटी जीटीच. सीनमधल्या मुख्य पोझ काढणारा एक कलाकार असतो. त्या चित्रांना जपानीत 'गेन्गा' म्हणतात. त्या दोन पोझच्या मधली चित्रं, म्हणजे हात खालून वर जाताना मधले सगळे हात, दुसरा माणूस काढतो. ती 'दोउगा'. हा दुसरा माणूस लाइटवाल्या टेबलावर खालचं चित्र बघून वर रेषा मारतो. आता बरंचसं काम टॅबलेटवर होतं, पण तत्त्व तेच. धंद्यात नवीन आलेला बहुधा इथूनच सुरुवात करतो.

आपण इंजिनीअर, म्हणून थोडा हिशेब करू. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढायचं तर मिनिटाला १४४०. दर आठवड्याला एपिसोड द्यायचा असेल तर मेलोच. मग ओसामू तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ ला 'अॅटम' ही मालिका टीव्हीवर सुरू केली, तेव्हा शक्कल लढवली. एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचं. २४ चे झाले ८. शिवाय तोंड हललं तरी चेहरा तोच ठेवायचा, जुनी चित्रं पुन्हा वापरायची. याला म्हणतात ऑप्टिमायझेशन! पण तेझुकांनी ती मालिका चॅनेलला खर्चापेक्षा कमी पैशांत दिली. तोटा खेळणी आणि इतर मालाच्या हक्कांतून भरून काढायचं गणित होतं. तेव्हापासून ॲनिमेचं बजेट कायमचं खाली गेलं, असं बरेच जण मानतात. काहींना हे पटत नाही. ते म्हणतात, एकट्या माणसावर सगळं ढकलू नका.

दोष कुणाचाही असो, आजची स्थिती अशी की पुष्कळ 'दोउगा'वाल्यांना पगार नसतो, चित्रामागे पैसे मिळतात. साधारण २०० येन एका चित्राला. म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये. ऐकायला बरे वाटतात, पण एक चित्र कधी अर्धा तास घेतं, कधी दोन तास. आणि राहायचं टोकियोत! बरंच काम आता चीन, कोरिया, व्हिएतनाममध्येही जातं.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा रूमी हसला. म्हणाला, "म्हंजे त्यांचाबी रेट वडापावचाच की!"

मी पण हसलो. तेव्हा.

आता स्ट्रीमिंगबद्दल. आधी आमच्याकडे एक हार्डडिस्क होती. ती कुणाची हे कुणालाच माहीत नव्हतं. विंगभर फिरायची आणि दर वेळी थोडी जाड होऊन यायची. त्यात सगळं फुकटचं. माझं तेव्हाचं म्हणणं असं की विद्यार्थ्याकडे पैसे कुठून येणार? पण २०२२ मध्ये क्रंचीरोलनं भारतातली वर्गणी महिना ७९ रुपयांपर्यंत उतरवली, आणि माझ्या म्हणण्यातली हवा गेली. ७९ रुपयांत आपल्या नाक्यावर दोन प्लेट मिसळ नीट येत नाही. गंमत म्हणजे हीच क्रंचीरोल २००६ साली सुरू झाली तेव्हा तिच्यावरही लोक परवानगीशिवाय व्हिडिओ चढवायचे. पुढे ती कायद्यानं चालायला लागली, आणि २०२१ मध्ये सोनीच्या फ्युनिमेशननं ती १ अब्ज १७.५ कोटी डॉलरला घेतली. फुकट्यांनी निराश व्हायचं कारण नाही, सुधारणा होऊ शकते!

ते ७९ रुपये चित्र काढणाऱ्याच्या खिशात जातात का? सरळ जात नाहीत. बहुतेक मालिकांसाठी प्रकाशक, टीव्ही चॅनेल, गाण्यांची कंपनी, खेळणीवाले असे मिळून एक समिती करतात आणि पैसे घालतात. स्टुडिओला ठरलेली रक्कम मिळते. मालिका तुफान चालली तरी नफा समितीचा. तरी मी वर्गणी भरतो. भरली तर थोडं तरी झिरपण्याची शक्यता आहे. नाही भरली तर शून्य हे नक्की. शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच, हे आपल्याला एम-थ्री शिकवणाऱ्यांची गरज नाही.

माझा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर. एपिसोड संपतो, नावं सुरू होतात, आणि ओटीटीवर ती खिडकी आक्रसून कोपऱ्यात जाते. 'पुढचा एपिसोड ५ सेकंदांत'. खुशाल स्किप करा. मीही वर्षभर तेच केलं. मला बदललं ते क्योतो ॲनिमेशननं.

या स्टुडिओत बहुतेक कलाकार पगारावर असतात, चित्रावर नाही. 'अ सायलेंट व्हॉइस' त्यांचाच. १८ जुलै २०१९ ला एका माणसानं तिथे शिरून पेट्रोल ओतलं आणि आग लावली. ३६ जण गेले. त्यातले काही आपल्यापेक्षा चार-दोन वर्षांनीच मोठे. त्याच सप्टेंबरमध्ये त्यांचा 'व्हायोलेट एव्हरगार्डन'चा एक सिनेमा आला. एरवी वर्षभरही न झालेल्या नवख्यांची नावं तिथे पडद्यावर देत नसत. या वेळी दिली. काम केलेल्या प्रत्येकाचं नाव, की ते इथे होते याची खूण राहावी.

तो सिनेमा आम्ही दोघांनी बघितला. जपानी आम्हाला वाचता येत नाही. पण रूमीनं इंटरनेटवर बघून दोनच अक्षरं पाठ केली होती, 'दोउगा'ची. नावं वर सरकत होती आणि तो बोटानं दाखवत होता, "ही बघ, जीटीवाली आली."

मग गेल्या वर्षी आम्ही मुंबईला एका कन्व्हेन्शनला गेलो. पहाटेची पॅसेंजर, जनरलचा डबा. माझा कॉस्प्ले बिनखर्चाचा होता. 'स्टाइन्स;गेट'मधला ओकाबे पांढरा लॅब कोट घालून फिरतो, मी केमिस्ट्रीचा ॲप्रन घातला. ॲसिडच्या डागांसकट. तिघांनी ओळखलं, एकानं औषधाच्या गोळ्या मागितल्या.

जपानमध्ये 'कॉमिकेट' नावाचा एक मेळा भरतो. २१ डिसेंबर १९७५ ला पहिला भरला तेव्हा ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसं होती. आता वर्षातून दोनदा लाखोंची गर्दी होते. तिथलं एक तत्त्व मला फार आवडतं. तिथे 'गिऱ्हाईक' कुणी नसतं. विकणारा, घेणारा, रांग लावणारा, सगळे सहभागी. थोडक्यात आपली दिंडीच! आपल्याकडच्या कन्व्हेन्शनमध्ये मोठे स्टॉल कंपन्यांचे असतात, पण एका बाजूला हातानं काढलेली चित्रं विकणाऱ्या पोरापोरींची टेबलं असतात. खरी गंमत तिथे.

एका टेबलावर आमच्याच वयाची मुलगी पोस्टकार्डं घेऊन बसली होती. शंभर रुपयाला एक. माझ्यापुढचा एक जण मोबाइलनं फोटो काढून म्हणाला, "घरी प्रिंट मारू रे, शंभर कशाला?" ती काहीच बोलली नाही. कार्ड नुसतं सरळ करून ठेवलं. रूमीनं तिला विचारलं, एकाला किती वेळ लागतो? म्हणाली, दोन रात्री. रूमी म्हणाला, "मला शीटला पण तेवढाच लागायचा." आणि त्यानं शंभराची नोट काढून दिली. कार्ड उलटं करून बघितलं. मागे तिची सही होती.

परतीच्या गाडीत तो ते कार्ड बघत बसला, आणि मला एफ.ई.चा तो दिवस आठवला. आजवर कुणाला सांगितला नव्हता, इथे सांगतो.

सबमिशनच्या वेळी सरांनी सहा शीट टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. म्हणाले, "नावं सहा, लेटरिंग एकाच हाताचं. हात कुणाचा?" वर्गात चिडीचूप. आम्ही पाच जण जमिनीकडे बघत होतो. रूमी एकटा उभा राहिला. त्याला सगळा सेट पहिल्यापासून काढायला लावला, टर्मवर्कचे मार्क कापले. आम्हाला सरांनी ताकीद देऊन एक-एक शीट पुन्हा आणायला सांगितली. माझी ती शीटही, सांगायला लाज वाटते, त्यानंच काढून दिली. या वेळी लेटरिंग मुद्दाम वाकडं काढून.

प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो. 'ड्रॉन बाय' असं लिहून पुढे नाव. तिथे पाच वेळा माझं नाव होतं, आणि तेही त्याच्याच सुंदर अक्षरात.

जपानमधल्या कुठल्याशा कलाकाराला दोनशे येन मिळतात म्हणून मी रात्री दोनपर्यंत मेसमध्ये भाषणं ठोकायचो. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या कलाकाराला मी वडापाव दिला, आणि नाव दिलं नाही. त्या गाडीत मी त्याला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? झोप आता, कल्याणला उठवतो." उठवलं पण त्यानंच.

हा लेख त्याला वाचायला दिला. म्हणाला, "माझं नाव नको टाकू, सर वाचत्यात." म्हणून नाही टाकलं. पण या अंकातली सगळी चित्रं आणि लेखांच्या शीर्षकांची अक्षरं कुणी काढली, हे पहिल्या पानावर संपादक मंडळाच्या खाली बारीक टायपात छापलंय. 'रेखाटने' म्हणून एकच नाव आहे.

लेख वाचून झाला असेल तर तेवढं पान उलटा. स्किप करू नका.